कागद, कात्री, खळ : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार ठरलेली असते: बिघडले. काय बिघडले ते प्रत्येकाचे वेगळे आणि कारणही वेगळे.

प्रश्न : कंदी पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सवर खाकी कागद चिकटवला, वर अ‍ॅक्रिलिक रंग आणि लेसचे तुकडे लावले. झाकण बशीसारखे खोलगट झाले आणि आता बॉक्सवर बसतही नाही. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत. आधी खोलगटपणा. ओला कागद ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या, आडव्या अंगाने फुलतो, वाळताना आक्रसतो आणि खालच्या पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. तुम्ही कागद फक्त बाहेरून लावलात. आतून उलट ओढणारे कोणी नाही, म्हणून पुठ्ठा वाकला. झाकणाच्या आतल्या बाजूला तोच कागद, ग्रेन त्याच दिशेला ठेवून लावा. ग्रेन ओळखायला कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वळतो, ती घडी ग्रेनला समांतर असते. फेव्हिकॉलच्या चार भागांना पाणी एक भागच घ्या. मग आतल्या मापाचा पुठ्ठा कापून, बटर पेपरमध्ये गुंडाळून झाकणात बसवा आणि त्यावर वजन ठेवा. उन्हाळ्यात २४ तास, जुलै-ऑगस्टमध्ये ४८. मध्येच उचलून बघायचा मोह टाळा.

झाकण न बसण्याचे कारण साधे आहे. अशा बॉक्समध्ये झाकण आणि भिंत यांच्यात मिलिमीटरभरच फट असते आणि कागद, रंग, लेस मिळून ती केव्हाच भरते. झाकणाच्या भिंती कापून फक्त २ सेंमी उंचीच्या ठेवा. बॉक्सच्या वरच्या २ सेंमी पट्ट्यावर कागद लावू नका, रंगाचा एक पातळ हात पुरे. बाकीचा बॉक्स हवा तितका जाड सजवा. उलट सजावटीची जाडी झाकणाच्या जाडीइतकी आली की दोन्ही एका पातळीत छान दिसतात.

पुढच्या वेळी चिकटवण्याआधी बॉक्सची चकचकीत बाजू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मंद करा. त्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर फेव्हिकॉल नुसता बसतो, धरत नाही. महिन्याभरात कागद कोपऱ्यांपासून सुटू लागतो.

प्रश्न : दुकानातल्या जुन्या लाल कापडी चोपडीचे जर्नल, म्हणजे रंगवून-सजवून भरायची वही, केले. आता ती मिटत नाही आणि रंगवलेली पाने एकमेकांना चिकटली आहेत. (तासगाव)

उत्तर : चोपडीची शिवण तिच्या मूळ पानांपुरतीच जागा ठेवते. सजावटीला जागा हवी तर पाने आधीच कमी करावी लागतात: दर तिसरे पान काढा, पण मुळापासून फाडू नका. चोपडीतले प्रत्येक पान शिवणीच्या पलीकडे दुसऱ्या पानाला जोडलेले असते. एक पूर्ण निघाले की त्याचा जोडीदार सैल होतो आणि आठवड्याभरात हातात येतो. शिवणीपासून दीड सेंमीची पट्टी ठेवून स्केल लावून कापा. त्या पट्ट्यांवर पुढे पाकिटे आणि उघडमीट करणारे तुकडेही चिकटवता येतात.

चोपडीचा कागद पातळ, म्हणून दोन-दोन पाने जोडून एक करा. त्यासाठी ग्लू स्टिकच वापरा, पातळ गोंदाने सुरकुत्या येतात. वर अस्तराचा एकच हात: दोन चमचे खडूची पूड, एक चमचा फेव्हिकॉल, एक चमचा पांढरा अ‍ॅक्रिलिक आणि ताकाइतके पातळ होईल एवढे पाणी.

आता चिकटलेली पाने. अ‍ॅक्रिलिकचा पापुद्रा हाताला वाळलेला वाटला तरी ऊब आणि दमटपणा मिळाला की मऊ पडतो. दोन रंगीत पाने समोरासमोर, वर कपाटातले वजन, म्हणजे चिकटायची पूर्ण सोय. चोपडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. पापुद्रा कडक होतो. मग पातळ पट्टी कोपऱ्यातून सरकवत पाने हळूहळू सोडवा. जोर लावलात तर रंगाचे टवके उडतात. सुटल्यावर प्रत्येक रंगीत पानावर पांढरी मेणबत्ती हलक्या हाताने फिरवा, सुती कापडाने चोळा, मध्ये बटर पेपर घाला. चोपडी उभी आणि सैल ठेवा.

प्रश्न : हळदीच्या पाण्याने रंगवलेली पाने चुन्याची नक्षी काढल्यावर लाल झाली आणि कव्हरवरचा पिवळा तर दोन आठवड्यांत उडाला. हळद भेसळीची होती का? (सांगली)

उत्तर : हळदीला दोष देऊ नका, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीनेही हेच केले असते. हळदीतले कर्क्युमिन अल्कधर्मी पदार्थाला लागले की लाल होते. घरी कुंकू करताना हळदीत चुना घालतात तो याचसाठी! चुना आणि व्हाइट सिमेंट हळदीजवळ आणू नका, किंवा लाल हवाच असेल तर मुद्दाम चुन्याच्या निवळीने नक्षी काढा. काही अ‍ॅक्रिलिक रंगही किंचित अल्कधर्मी असतात, त्यामुळे आधी कोपऱ्यात चाचणी घ्या.

उन्हात मात्र हळद टिकत नाही. तुरटी घातली तरी उन्हापुढे फारसा उपयोग नाही. कव्हरवर पिवळा अ‍ॅक्रिलिक वापरा, हळद आतल्या पानांसाठी ठेवा. रंग गडद हवा तर पाण्याऐवजी सर्जिकल स्पिरिट घ्या: अर्धी वाटी स्पिरिट, एक चहाचा चमचा हळद, तासभर झाकून ठेवून मलमलीतून गाळा. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. कागदही कमी सुरकुततो. गॅस आणि उदबत्तीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून करा.

प्रश्न : स्टेन्सिलमधून उठावाची नक्षी केली, ती वाळल्यावर भेगाळली. (मिरज)

उत्तर : पेस्टमध्ये पावडर जास्त, फेव्हिकॉल कमी, किंवा थर जाड. एक भाग फेव्हिकॉल, एक भाग पांढरा अ‍ॅक्रिलिक, दोन भाग टाल्कम पावडर, याहून अधिक पावडर नको. थर २ मिमीपर्यंतच. उंची हवी असेल तर पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा द्या. हेअर ड्रायर लावू नका, वरची साय आधी वाळते आणि आतला ओला भाग नंतर आक्रसताना तिला फाडतो. पेस्ट ओली असतानाच स्टेन्सिल सरळ वर उचला आणि लगेच धुवा. आणि दवाखान्यांच्या मिरजेत राहून स्टेन्सिलसाठी प्लॅस्टिक शीट विकत का आणता? घरातली जुनी एक्स-रे फिल्म कटरने सुरेख कापली जाते.

प्रश्न : खणाचे कापड बॉक्सवर लावताना गोंद बाहेर येऊन डाग पडतो. (ईश्वरपूर, पूर्वीचे इस्लामपूर)

उत्तर : गोंद कापडाला लावू नका, पुठ्ठ्याला लावा, तोही पाणी न घालता, जुन्या एटीएम कार्डाने निपटून. दोन मिनिटे थांबा, बोटाला चिकट लागला की कापड ठेवा आणि मधून कडेकडे हात फिरवा. खण फारच विरळ असेल तर आधी मागे टिश्यू पेपरचे अस्तर लावून वाळू द्या. लाल-जांभळ्या खणाचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने पाहून घ्या. चारी बाजूंना २ सेंमी कापड दुमडायला ठेवा. कोपरा तिरका कापताना पुठ्ठ्याच्या अगदी टोकाशी कात्री नेऊ नका: २ मिमी पुठ्ठ्याला ३ मिमी कापड सोडा, नाहीतर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो.

प्रश्न : फोटोची प्रिंट उलटी चिकटवून कागद घासून काढला, पण चित्रच पुसले गेले. (पलूस)

उत्तर : प्रिंट इंकजेटची असणार, तिची शाई पाण्यात विरघळते. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट घ्या, अक्षरे असतील तर आरशातल्यासारखी उलटी छापून. चिकटवल्यावर पूर्ण एक दिवस वाळवा, मग ओल्या बोटाने कागद चोळून काढा. वाळल्यावर पुन्हा पांढुरके दिसले तर तंतू उरले आहेत. परत ओले करून चोळा, दोन-तीन वेळा. वॉर्निश त्यानंतरच.