शाळेत चड्डी ओली होते, गोळी द्यावी का?

प्रश्न: मुलगी सात वर्षांची. रात्री कोरडी असते, पण शाळेत चड्डी ओली होते. ऑक्सिब्युटिनिन (मूत्राशय सैल करणारी गोळी) द्यावं का? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, आधी लघवी तपासून घ्या आणि तिला शौचाला कुंथावं लागतं का ते बघा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. तसं असेल तर पहिला इलाज बद्धकोष्ठतेचा. शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून ती रोखून धरते का, तेही विचारा. (बहुतेक मुली आपणहून सांगत नाहीत.) बाईंना सांगून दर दोन-अडीच तासांनी पाठवा. एवढं करूनही अचानक घाई होऊन गळत असेल, तर ऑक्सिब्युटिनिन डॉक्टरांच्या देखरेखीत पाच वर्षांपुढे देता येतं. पण त्यानं तोंड कोरडं पडतं, शौचाला आणखी घट्ट होतं, घामही कमी येतो. सांगलीच्या एप्रिलात जपूनच. डेस्मोप्रेसिन हे औषध रात्री अंथरूण ओलं होण्याच्या तक्रारीसाठी असतं, शेजारणीनं सुचवलं तरी नको.