कुलंट गळतंय, पण नेमकं कुठून?

प्रश्न : माझ्या २०० सीसीच्या लिक्विड-कूल्ड मोटरसायकलखाली रोज सकाळी रुपयाएवढा हिरवट डाग पडलेला असतो. तो उजव्या बाजूला, क्लच कव्हरच्या खाली असतो. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक आहे, तिथून थेंब येतोय असं मेकॅनिकने दाखवलं. एम-सील लावून भोक बुजवू म्हणतो. लावू द्यावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात लावू देऊ नका. हे भोक कारखान्यातच मुद्दाम ठेवलेलं असतं. वॉटर पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात. पंख्याच्या, म्हणजे इम्पेलरच्या बाजूचं मेकॅनिकल सील कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) अडवतं आणि इंजिनाच्या बाजूचं ऑइल सील ऑइल अडवतं. दोन्हींच्या मध्ये थोडी मोकळी जागा असते आणि तिथून बाहेर पडणारी वाट म्हणजे हे भोक. कोणतं सील गेलंय ते बाहेर येणारा द्रवच सांगतो : कुलंट आलं तर मेकॅनिकल सील, ऑइल आलं तर ऑइल सील. भोक बुजवलं की मेकॅनिकल सीलमधून सुटलेलं कुलंट त्या मोकळ्या जागेत साचतं आणि दाबाने ऑइल सील ओलांडून थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंगवरचा ऑइलचा थर टिकत नाही, ओल्या क्लचच्या प्लेटाही खराब होतात. सील बदलण्याचं काम वाढून इंजिन उघडण्यावर जातं.

मात्र सील मागवण्याआधी गळती खरोखर तिथूनच आहे याची खात्री करा. कुलंट इंजिनाच्या कडेकडेने ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून ठिबकतं. वरच्या होजची क्लिप सैल असली तरी थेंब पंपाखालीच दिसू शकतो. थंड इंजिनाचा तो भाग पाण्याने आणि ब्रशने धुवा, कापडाने पूर्ण कोरडा करा आणि होजचे सांधे, पंपाचं कव्हर, भोक या सगळ्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा आणि टॉर्चने वरून खाली बघत या. पावडर सर्वांत वर जिथे ओली झालीय, तिथे उगम. पंपाच्या कव्हरच्या कडेने ओल असेल तर सुटलात : फक्त कव्हरची ओ-रिंग किंवा गॅस्केट बदलायचं आहे.

भोकातूनच येत असेल तर किती येतंय तेही बघा. नवं सील बसवल्यावर त्याचे दोन घासणारे पृष्ठभाग, एक कार्बनचा आणि एक सिरॅमिकचा, एकमेकांवर नीट बसेपर्यंत थोडा ओलावा दिसू शकतो. काही कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये भोकाशी किंचित पाझर चालतो असंही लिहिलेलं असतं. पण रोज डाग पडणं आणि कुलंटच्या टाकीतली पातळी उतरणं हे त्यात बसत नाही. सील बदला.

काम असं करून घ्या. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी. रेडिएटरची कॅप काढा, पंपाजवळचा ड्रेन बोल्ट सोडा आणि निघालेलं कुलंट मापाच्या भांड्यात घ्या. किती मिलिलिटर निघालं ते लिहून ठेवा, पुढे उपयोग आहे. बऱ्याच गाड्यांत शाफ्ट उजव्या क्रँककेस कव्हरमधून जातो. तिथे ऑइलही काढावं लागतं आणि कव्हरचं गॅस्केट नवं लागतं. ते आधीच आणून ठेवा. सील काढल्यावर शाफ्टवरून नख फिरवा. नख अडकेल इतकी खाच असेल तर शाफ्टही बदलायचा. मग शाफ्ट वर-खाली हलवून बघा. बेअरिंगमध्ये खेळ असेल आणि फक्त सील बदललं, तर शाफ्ट थरथरत राहतो आणि नवं सीलही लवकरच गळू लागतं. ‘सील टिकत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं, आणि सील मात्र उगाच बदनाम होतं.

मेकॅनिकल सील बसवताना दाब फक्त त्याच्या बाहेरच्या कडेवर यायला हवा. त्या मापाचा सॉकेट किंवा पाइपचा तुकडा घेऊन ते सरळ आत दाबा, हातोडी थेट मारू नका. कार्बन आणि सिरॅमिकच्या पृष्ठभागांना ऑइलचा हात लावू नका. ऑइल सीलचं ओठ ऑइलच्या बाजूला हवं आणि त्याला बोटभर ग्रीस लावा. कव्हरचे ६ मिलिमीटरचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. सर्वसाधारणपणे १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. ॲल्युमिनियमचे आटे जोर लावला की चटकन जातात. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घाला.

आता भरणं. गळती काढूनही गाडी तापते ती बहुतेकदा आत अडकलेल्या हवेमुळे, आणि घाई इथेच होते. कुलंट सावकाश ओता, होज हाताने दाबत राहा म्हणजे बुडबुडे वर येतील. इंजिनावर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुड्यांविना धार येईपर्यंत थांबा. कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा आणि आयडलवर चालू द्या. थर्मोस्टॅट, म्हणजे कुलंट तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, उघडला की आतापर्यंत कोमट असलेला होज एकदम गरम लागतो आणि रेडिएटरमधली पातळी खाली जाते. तीन-चार वेळा हलका थ्रॉटल द्या, पातळी भरा, कॅप लावा. आता मघाची नोंद काढा. १ लिटर निघालं होतं आणि ८०० मिलिलिटरच मावलं असेल, तर बाकीच्या जागेत हवा आहे. ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर रेडिएटर आणि टाकी दोन्ही परत तपासा.

काढलेलं कुलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही दगावू शकतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारा.

प्रश्न : जमिनीवर एकही डाग नाही, तरी महिन्याभरात टाकीतलं कुलंट ‘मॅक्स’वरून ‘मिन’च्या खाली जातं. हेड गॅस्केट गेलं असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं असू शकतं, पण त्या निष्कर्षावर शेवटी या. आधी स्वस्त शक्यता. बारीक गळतीचं कुलंट गरम इंजिनावर पडून जागीच वाळतं. मागे हिरवट, गुलाबी किंवा पांढरी खरपुडी उरते. होजच्या टोकांशी, रेडिएटरच्या कडांना आणि थर्मोस्टॅटच्या कव्हरखाली ती शोधा.

ती नसेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या. कॅपच्या जागी हातपंप लावून कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा, बहुतेक गाड्यांवर १.१ बारच्या आसपास, आणि काटा दहा मिनिटं बघायचा. आकड्यापेक्षा जास्त दाब देऊ नका, चांगला रेडिएटर फाटेल. काटा उतरतो आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर गळती आत आहे.

मग हेड गॅस्केटच्या खुणा तपासा. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच होज दगडासारखे कडक होतात का? कुलंट अजून तापलेलंच नाही, तेव्हा तो दाब सिलिंडरमधल्या वायूचा असतो. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का? इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का? पक्का निकाल हवा असेल तर कुलंटवरची हवा निळ्या रसायनातून ओढून करायची चाचणी आहे. पेट्रोल इंजिनाचा जळालेला वायू असेल तर ते पिवळं होतं.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर लोणी दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर हवेतली वाफ तिथे साचूनही तसं होतं. इंजिनावरच्या ऑइल बघायच्या काचेतून दिसणारं किंवा ड्रेन केलेलं ऑइल दुधाळ असेल तरच ते गंभीर.

एक शक्यता हमखास सुटते. टाकी भरलेली आणि रेडिएटर मात्र रिकामा, असं आहे का? कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा जास्तीचा दाब टाकीकडे सोडतो, मधला छोटा इंजिन थंड होताना कुलंट परत ओढू देतो. छोटा अडकला किंवा टाकीकडची नळी चिरली की कुलंट जातं ते परत येत नाही. म्हणून फक्त टाकी बघून समाधान मानू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात घाट चढून वर थांबलो की टाकीच्या नळीतून कुलंट बाहेर पडतं. एका मित्राने जास्त दाबाची कॅप बसवायला सांगितलं आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : नको. कॅप हा या यंत्रणेतला सुरक्षा व्हॉल्व्ह आहे. १.१ बारच्या कॅपखाली साधं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला १२० अंशांच्या पुढे उकळतं, कुलंट त्याहूनही वर. तरी बाहेर येतंय म्हणजे टाकी जास्त भरलीय, कॅपचं स्प्रिंग किंवा रबर गेलंय किंवा गाडी खरंच तापतेय. टाकी थंड इंजिनावर आणि गाडी सरळ उभी करून, दोन रेषांच्या मध्ये भरा. इंजिन बंद केल्यावर कुलंटचं फिरणं थांबतं, धातूतली उष्णता मात्र त्यात उतरत राहते, म्हणून पातळी तेव्हाच सर्वांत वर जाते. जागा ठेवली नसेल तर नळीतून येणारच.

मग पंखा. आयडलवर ठेवून तापमानाचे बार चढू द्या. पंखा सुरू होत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने बघा. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकले असतील तर साध्या नळाच्या पाण्याने मागून पुढे धुवा. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पापुद्रे आडवे होतात आणि हवाच जात नाही.

प्रश्न : लेहला जाणार आहोत. वाटेत दगड लागून रेडिएटर फुटला तर काय करावं? लीक बंद करणारी पावडर सोबत ठेवू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पावडर ठेवू नका. जी पावडर भोक बुजवते, ती मोटरसायकलच्या रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवू शकते. त्याऐवजी निघण्याआधी रेडिएटर गार्ड बसवा आणि सोबत धातूला चालणारं दोन भागांचं इपॉक्सी, सँडपेपर, दोन होज क्लिप आणि १ लिटर तयार मिश्रण ठेवा. भोक पडलं तर इंजिन लगेच बंद करा. गरम असताना कॅप उघडू नका, वाफ तोंडावर येते. थंड झाल्यावर पातळी भोकाच्या खाली आणा, जागा घासून पूर्ण कोरडी करा, इपॉक्सी लावा आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. थंडीत तो आणखी लागतो. एवढ्यावर हळू, दर काही किलोमीटरला थांबून, पुढच्या गॅरेजपर्यंत जायचं.

उंचीवर कॅप धड असणं जास्तच महत्त्वाचं. लेहजवळची ‘खारदुंग ला’ ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी सुमारे ८२ अंशांनाच उकळतं. कॅप बाहेरच्या हवेपेक्षा १.१ बार जास्त दाब धरते आणि बाहेरची हवाच विरळ असल्याने उकळण्याची मर्यादा खालच्यापेक्षा सात-आठ अंशांनी उतरते. जुनी, रबर कडक झालेली कॅप निघण्याआधीच बदला. परत आल्यावर रेडिएटर दुरुस्त करायचा तर ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणाऱ्याकडे द्या. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला देतात तो साधा डाग, म्हणजे सोल्डर, त्याला धरत नाही.

प्रश्न : थंडीत सकाळी ठिबकतं, गाडी तापली की थांबतं. असं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : क्लिप. थंडीत रबर आणि धातू आकसतात आणि सांधा सैल पडतो. गरम झाल्यावर तोच सांधा फुगून घट्ट बसतो. म्हणून ही गळती शोधायची ती सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. स्क्रूची क्लिप असेल तर थोडीच आवळा, जास्त पिळली की रबर कापलं जातं. होजचं टोक कडक किंवा चिरलेलं असेल तर होजच बदला, आणि तो काढल्यावर खालच्या धातूच्या तोंडावरची पांढरी पुटं बारीक सँडपेपरने साफ करा. पुटांवर नवा होजही गळतो.

प्रश्न : कमी झालेलं कुलंट बोअरच्या पाण्याने भरलं तर चालेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : अडचणीत, गॅरेज गाठेपर्यंत चालेल. नेहमीसाठी नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार गरम भागांवर थर धरतात, क्लोराइड ॲल्युमिनियमला खातं आणि तेच कण मेकॅनिकल सीलच्या पृष्ठभागांवर चरे पाडतात. डिस्टिल्ड वॉटर वापरा. बॅटरीसाठी मिळतं ते चालतं, फक्त बाटली पाण्याचीच आहे, ॲसिडची नाही, हे वाचून घ्या. कॉन्सन्ट्रेट आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळा, ‘प्रीमिक्स’ (आधीच पाणी मिसळलेलं) लिहिलेल्या कॅनमध्ये मात्र पाणी घालू नका. कुलंट रंगावरून निवडू नका, कारण एकाच रंगात वेगवेगळी रसायनं मिळतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं, ॲल्युमिनियम इंजिनासाठीचं आणि शक्यतो सिलिकेट नसलेलं घ्या. बोअरचं पाणी आधीच घातलं असेल तर सगळं काढा, डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन तापवा, थंड झाल्यावर तेही काढा, आणि स्वच्छ पाणी निघेपर्यंत हे करून मग नवं मिश्रण भरा. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे हवा काढायला विसरू नका.