‘घरून लक्ष द्या’ : शाळा, घर आणि पालकांचे प्रश्न

मी शिक्षणाचे समाजशास्त्र शिकवते. प्रवेशाचे दिवस आले की माझ्याकडे त्याच गोंधळाची पत्रे येतात, फक्त गावाचे नाव बदलते. त्यांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : आरटीईच्या २५ टक्क्यांत ‘नंबर लावून देतो’ म्हणून एक जण वीस हजार मागतोय. द्यावेत का?

देऊ नका. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्यानुसार खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. त्यांची सोडत राज्यपातळीवर संगणकावर निघते आणि अर्ज भरायला पैसे पडत नाहीत. या लोकांची रीत अशी : दहा जणांकडून पैसे घ्यायचे, ज्यांचा नंबर आपोआप लागला त्यांचे ठेवायचे, उरलेल्यांना ‘पुढच्या यादीत बघू’ म्हणून झुलवायचे. शिक्षण विभागाला आणि पोलिसांना लेखी कळवा.

प्रश्न : आमच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत झेडपीची शाळा आहे. मग खासगी शाळेत आरटीई प्रवेश मिळत नाही, असे सगळे सांगतात. खरे का?

खरे नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांतून सूट देणारी दुरुस्ती राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. दुरुस्ती गेली, पण अफवा अजून गावोगाव फिरते आहे आणि ती ऐकून घरी बसलेल्या पालकांच्या मुलांची वर्षे जातात. ‘सगळे सांगतात’ हा पुरावा नव्हे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, ते अर्जाआधी तपासा.

आता कागदपत्रे. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर एक लाखाच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाचा तहसील कार्यालयाचा दाखला लागतो. अर्जाची तारीख जाहीर झाल्यावर तहसीलला रांग लावू नका, आजच जा. कुठला कागद चालेल याची शंका असेल तर आरटीई मदत केंद्रावर विचारा, नेटकॅफेवाल्याला नको.

प्रश्न : मुलाला २५ टक्क्यांतून प्रवेश मिळाला, पण शाळा ‘ॲक्टिव्हिटी फी’ मागते. सरकारकडून पैसे आले नाहीत म्हणतात.

सरकारने शाळेला द्यायची प्रतिपूर्ती हा त्या दोघांमधला व्यवहार आहे. ती थकली तर शाळेने शासनाशी भांडावे. कायद्याच्या कलम ३ नुसार, मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यापासून रोखेल अशी कोणतीही फी किंवा खर्च त्याच्याकडून घेता येत नाही. मागणी लेखी घ्या, उत्तर लेखी द्या, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. तरी दाद लागली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलांसाठी तिथे वकील मोफत मिळतो.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे. वाचताना अडखळते. बाई दर वेळी म्हणतात, ‘घरून लक्ष द्या.’ मी सातवी शिकले, चार घरची धुणीभांडी करते. मिस्टर रिक्षा चालवतात. आम्ही आई-वडील म्हणून कमी पडतो का?

नाही, ताई. तुम्ही कमी पडत नाही. या एका वाक्याने वर्षानुवर्षे किती आया माना खाली घालून शाळेतून परतल्या असतील, याचा विचार मनातून जात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

‘घरून लक्ष द्या’ याचा अर्थ असा की वर्गात जे शिकवून झाले नाही, ते घरी शिकवा. ज्या घरी आई पदवीधर आहे, संध्याकाळी सहाला कोणीतरी मोकळे आहे, तिथे ते होते. तुमच्या घरी होत नाही. मग परीक्षेत जे मोजले जाते ते बरेचसे घर असते, पण प्रगतिपुस्तकावर नाव मुलीचे लागते. प्रकल्पांचेही तेच. रंगीत प्रिंट आणि थर्माकोलचे घर आणणाऱ्याला शेरा चांगला, कारण त्यामागे कोणाचा पगार आहे हे वहीत दिसत नाही. भाषेचे तर विचारूच नका. घरी ‘पानी’ म्हणणारे मूल वर्गात ‘पानी’ म्हणाले की हसू होते, आणि दोनतीनदा हसू झाले की ते मूल तोंड उघडायचे बंद होते. बाईंना वाटते, त्याला येत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणत : घरातून आलेले वळण शाळा गुणवत्ता समजते.

आपल्याकडे हे भांडण फार जुने आहे. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितले की महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि सरकारी शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. शाळा दारात आली. पण ‘घरून लक्ष द्या’ हे वाक्य ती शाळा पुन्हा घरावर सोपवते.

आणि कायदा काय सांगतो? शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगते की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहायची आणि गरज असेल तिथे जादा शिकवायचे. म्हणजे ते जादा काम बाईंचे आहे. बाईंवर कामे लादलेली असतात हे मी जाणते. ती कमी करून घेण्याच्या लढ्यात मी त्यांच्या बाजूने आहे. पण त्याची भरपाई तुमच्या मुलीने करायची नाही.

तुम्ही काय करायचे? बाईंना विचारा, ‘नेमके काय येत नाही? जोडाक्षरे की वाचून समजणे? त्यासाठी शाळा काय करणार?’ मुलीचे डोळे आणि कान तपासून घ्या. अक्षरे सतत उलटसुलट होत असतील तर शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रातल्या विशेष तज्ज्ञाला दाखवा. ‘मोठी झाली की येईल’ म्हणून थांबू नका. पुढच्या वर्षी पाचवी आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे आणि फेरपरीक्षेतही नापास झाली तर मूल त्याच वर्गात राहते. आणि शाळा व्यवस्थापन समितीत उभ्या राहा. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया. सातवी शिकलेल्या आईला तिथे बसायचा पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : ‘सीबीएसई पॅटर्न’ इंग्रजी शाळेत घालू की गावातल्या मराठी शाळेत?

‘पॅटर्न’ म्हणजे संलग्नता नव्हे. बोर्डाचा संलग्नता क्रमांक मागा, तो दिला नाही तर पाटी विसरा. मराठी शाळेतही इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून आहे. दोन्ही शाळांत जाऊन एक तास वर्गाबाहेर उभे राहा : मुले बोलतात का, की फक्त घोकतात? घरात कोणालाच इंग्रजी येत नसेल तर वरचे उत्तर पुन्हा वाचा. इंग्रजी माध्यमात ‘घरून लक्ष द्या’ दुप्पट वेळा ऐकावे लागते आणि मग शिकवणीची फी सुरू होते. ठरवण्याआधी केंद्रप्रमुखांशी बोला.

प्रश्न : सहावीपासून ‘आयआयटी फाउंडेशन’ लावावे का?

नको. जानेवारी २०२४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील मुलाला कोचिंग क्लासने घेऊच नये.

प्रश्न : मुलीला इंजिनिअरिंगची फी माफ आहे म्हणतात. कॉलेज म्हणते, मॅनेजमेंट कोट्यातून घ्या, फी नंतर परत मिळेल.

मिळणार नाही. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नावरची मुलींची शुल्कमाफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) मिळालेल्या जागेलाच आहे. कॅपची जागा सोडण्याआधी समाजकल्याण कार्यालयात विचारा.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो. शाळा सोडल्याचा दाखला नसल्याने कारखान्याजवळची शाळा मुलाला घेत नाही.

घ्यावेच लागेल. दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण मूल गावातच राहू शकत असेल तर तेच बरे. त्यासाठी, आई-वडील तोडीला गेले की मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची सोय आहे. ते हंगामाआधी मंजूर करून घ्यावे लागते. मुख्याध्यापकांना दसऱ्याआधी भेटा, मुलांची यादी द्या, पोच घ्या. न्यायचेच असेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून मिळणारे कार्ड, मागून बरोबर ठेवा. टोळी निघाल्यावर हे होत नाही.