एस२३ अल्ट्रा देऊन एस२४ अल्ट्रा घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सॅमसंग गॅलक्सी एस२३ अल्ट्रा घेऊन पावणेदोन वर्षं झाली. दुकानदार म्हणतोय, जुना फोन द्या, वर ५० हजार भरा आणि एस२४ अल्ट्रा घेऊन जा. फोनचा वापर मुख्यतः शेतावर आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढायला. तर बदलावा का?

मी हे दोन्ही फोन वापरलेत, आणि योगायोगाने तुमच्यासारख्याच कामाला. निफाड तालुक्यात द्राक्षबागांना सल्ला द्यायचं माझं काम आहे. मागच्या वर्षीची ऑक्टोबर छाटणी एस२३ अल्ट्रावर निघाली, यंदाची एस२४ अल्ट्रावर. जुना फोन विकला नाही, धाकट्या भावाला दिला. त्यामुळे दोन्ही फोन घरातच आहेत आणि हवे तेव्हा शेजारी ठेवून बघता येतात.

आधी उत्तर देऊन टाकतो. तुमचा फोन नीट चालत असेल तर वेगासाठी किंवा एआयसाठी बदलू नका. उन्हात स्क्रीन दिसत नाही ही रोजची अडचण असेल तर मात्र बदला, पैसे वाया गेल्यासारखं वाटणार नाही. आणि पक्ष्यांसाठी बदलणार असाल तर झूमचं मी खाली लिहिलंय ते वाचून मगच ठरवा, कारण तिथे काही मिळतं तसं काही जातंही.

सुरुवात उन्हापासून करतो, कारण माझ्यासाठी खरा फरक तिथेच पडला. डावणी या द्राक्षांवरच्या रोगाचा डाग वरून तेलकट पिवळा दिसतो, पण खात्री करायची तर पान उलटं करून खालची पांढरी बुरशी बघावी लागते. एका हातात पान, दुसऱ्या हातात फोन. स्क्रीनवर सावली धरायला तिसरा हात कुठून आणणार? सकाळी ११ नंतर एस२३ अल्ट्राच्या स्क्रीनवर मला आधी माझी टोपी दिसायची, मग आभाळ, आणि मग कुठेतरी पान. फोटो अंदाजाने काढायचा, सावलीत जाऊन बघायचा, फोकस बागेच्या तारेवर गेलेला दिसला की परत ओळीत जायचं. एका प्लॉटमध्ये चार-पाच वेळा हे व्हायचंच.

एस२४ अल्ट्रावर हा प्रकार जवळजवळ बंद झाला. याची दोन कारणं आहेत, आणि दुकानदार त्यातलं एकच सांगतात. ते सांगतात ते ब्राइटनेसचं: एस२३ अल्ट्राची कमाल १७५० निट्स, एस२४ अल्ट्राची २६०० निट्स. हे खरं आहे, पण माझ्या मते मोठं कारण काचेचं आहे. जुन्यावर गोरिला ग्लास व्हिक्टस २ होती, नव्यावर गोरिला आर्मर आली. ही काच प्रतिबिंब कमी करते, साध्या काचेच्या तुलनेत ७५ टक्क्यांपर्यंत, असा कंपनीचा दावा आहे. टक्के मी मोजायला गेलो नाही. पण दोन्ही फोन बंद करून बांधावर शेजारी ठेवले की एकात विजेचा खांब आरशासारखा दिसतो आणि दुसऱ्यात नुसती गडद काच. तेवढं बघूनच भाऊ म्हणाला, ‘दादा, मला हाच का नाही दिलास?’

आता या काचेबद्दलची एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नाही आणि तुम्हाला सांगणं मी गरजेचं समजतो. त्यावर साधी टेम्पर्ड ग्लास लावली की ही सगळी करामत संपते. वरच्या साध्या काचेवरून ऊन तसंच परतायला लागतं. मी फोन घेतल्या दिवशी सवयीने २०० रुपयांची ग्लास लावून घेतली आणि दोन दिवस विचार करत राहिलो, की लोक कशाचं एवढं कौतुक करतायत? तिसऱ्या दिवशी ती काढली तेव्हा फरक कळला. तेव्हापासून स्क्रीन उघडीच आहे. बारीक दोन ओरखडे आहेत, ते मला चालतात. तुम्हाला ग्लासशिवाय फोन वापरवत नसेल, तर या फोनचा अर्धा फायदा सोडून द्यायचा आहे असं धरूनच हिशेब करा.

ग्लासवरून दुसरा मुद्दा. एस२३ अल्ट्राची स्क्रीन कडेला वळलेली आहे, एस२४ अल्ट्राची सपाट. वळलेल्या स्क्रीनवर साधी ग्लास नीट बसत नाही, कडा सुटतात, म्हणून यूव्ही ग्लास लावावी लागते: डिंकासारखं पातळ द्रव ओततात आणि निळ्या दिव्याखाली धरून घट्ट करतात. माझ्या जुन्या फोनला एका दुकानात ती लावताना ते द्रव वरच्या स्पीकरच्या जाळीत गेलं. तेव्हापासून फोनवर समोरच्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो, भाऊ अजूनही इअरफोन लावूनच बोलतो. सपाट स्क्रीनला हा धोकाच नाही. शिवाय पेनने लिहिताना कडेला टोक घसरत नाही. मी फवारणीचं शेड्यूल पेननेच फोटोवर लिहून पाठवतो. जुन्या फोनवर उजव्या कडेला आलो की ‘ग्रॅम’मधला ‘म’ नेहमी खाली ओघळायचा. लिहिण्याचं काम असलेल्याला हे छोटं वाटणार नाही.

हातात धरायला फार फरक नाही. टायटॅनियमची चौकट आली म्हणून बराच गाजावाजा झाला, पण वजन २३४ ग्रॅमवरून २३२ वर आलं, एवढंच. जाडी ८.९ मिलिमीटरवरून ८.६ झाली आणि रुंदी जवळपास १ मिलिमीटरने वाढली. दोन्ही फोन मोठे आहेत, दोन्हींचे कोपरे तळहाताला टोचतात, दोन्ही शर्टाच्या खिशातून वाकल्यावर पडतात.

आता झूम. इथे घाई करू नका.

एस२३ अल्ट्राला लांबच्या दोन लेन्स आहेत: ३ एक्स आणि १० एक्स, दोन्ही १० मेगापिक्सेलच्या. एस२४ अल्ट्रात ३ एक्सची लेन्स राहिली, पण १० एक्सची गेली आणि तिच्या जागी ५ एक्सची आली, ५० मेगापिक्सेलची. मुख्य कॅमेरा दोन्हीकडे २०० मेगापिक्सेलचाच.

कागदावर १० चं ५ झालेलं बघून पक्षीवाले चिडले, मीही चिडलो होतो. पण हिशेब मांडून बघा. नव्या फोनवर १० एक्स करता तेव्हा फोन ५ एक्सच्या ५० मेगापिक्सेलच्या चित्राचा मधला तुकडा घेतो. लांबीत निम्मा, रुंदीत निम्मा, म्हणजे चौथा हिस्सा: साडेबारा मेगापिक्सेल. जुन्याची १० एक्सची लेन्स मुळात १० मेगापिक्सेलची. म्हणजे तपशील मोजायला गेलं तर तोटा फार नाही. उलट जुन्या फोनवर ६ एक्स केलं की काय होतं? १० एक्सची लेन्स अजून सुरू झालेली नसते, म्हणून ३ एक्सच्या १० मेगापिक्सेलचा मधला चौथा हिस्सा ताणला जातो. हाती उरतात अडीच मेगापिक्सेल. ३ ते १० यांच्या मधला सगळा पट्टा जुन्या फोनवर असा कच्चा आहे, आणि नव्यावर त्यातला ५ ते १० चा भाग सगळ्यात चांगला आहे.

नांदूर मध्यमेश्वर आम्हाला जवळ आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा बंधारा, रामसर या महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. थंडीत आम्ही दोघं भाऊ रविवारी पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर असतो. तिथे कठड्यावर दोन्ही फोन टेकवून मी बऱ्याचदा एकच फोटो दोनदा काढलाय. मनोऱ्याखालच्या पाणवनस्पतीत जांभळी पाणकोंबडी फिरत असते, तिला ५-६ एक्स पुरतं. तिथे नवा फोन सरळ जिंकतो. कपाळावरच्या लाल ढालीची कड, पाय उचलताना लोंबणारी लांब बोटं, सगळं सुटं दिसतं. जुन्यावर तोच पक्षी जलरंगात काढल्यासारखा येतो.

पण समोरच्या झाडांवर चित्रबलाक बसलेले असतात, त्यांना १० एक्सही कमी पडतं. चांगलं ऊन असताना, फोन टेकवून, १० ते ३० एक्समध्ये जुन्याचा फोटो मला आजही जास्त खरा वाटतो. पिसांच्या रेषा पिसांसारख्या दिसतात. नवा फोन तिथे सॉफ्टवेअरने रेषा ओढून धारदार करतो आणि मोठं करून बघितलं की ते लक्षात येतं. ऊन कलतं झालं की पारडं परत फिरतं. जुन्या १० एक्सच्या लेन्सचं छिद्र एफ ४.९, नव्या ५ एक्सचं एफ ३.४ (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), म्हणजे तेवढ्याच जागेवर दुप्पट प्रकाश. संध्याकाळी ५ नंतर जुना फोन १० एक्सवर हात टेकतो, उडत्या पक्ष्याचा तर नुसता पट्टा येतो. नवा अजून अर्धा तास तरी काम देतो.

म्हणून तुम्ही मला आधी हे सांगा, तुमचे पक्षी किती लांब असतात? माळावरची, झाडावरची, घराजवळची पाखरं असतील तर नवा फोन आवडेल. पाणथळीच्या पलीकडच्या काठावरचे पक्षी दिवसाउजेडी टिपायचे असतील तर जुना मोडीत काढू नका. ती १० एक्सची लेन्स आता सॅमसंगनेच सोडून दिली आहे.

वेगाबद्दल मला फार लिहायचं नाही. प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८ जेन २ च्या जागी ८ जेन ३ आला, रॅम दोन्हीकडे १२ जीबी, बॅटरी दोन्हीकडे ५००० एमएएच, चार्जिंग दोन्हीकडे ४५ वॉट, आणि चार्जर दोन्हींच्या खोक्यात नाही. व्हॉट्सॲप, नकाशे, कॅमेरा यांत तुम्हाला डोळे मिटून फोन दिला तर ओळखता येणार नाही. एवढं मात्र आहे की फोन थंड ठेवणारी आतली चकती नव्यात १.९ पट मोठी आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी ४० अंशांत जुना फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद व्हायची, नेमकी उन्हात. यंदाच्या एप्रिलमध्ये तसं क्वचित झालं.

एआयचं आमिष दाखवत असतील तर सरळ नाही म्हणा. वर्तुळ काढून शोधणं, फोटोतली नको ती वस्तू काढणं, नोट्सचा सारांश, हे सगळं २०२४ च्या मार्चअखेरच्या अपडेटमध्ये एस२३ अल्ट्रालाही मिळालं. तुमच्या फोनमध्ये ते आत्ताही असेल, सेटिंगमध्ये बघा. फोनवर बोलताना भाषांतर करणारी सोय आली तेव्हा १३ भाषा होत्या, त्यांत हिंदी होती, मराठी नव्हती. आमच्या कामात तिचा मला एकदाही उपयोग झाला नाही.

अपडेटची वर्षं मात्र मोजा, ती पैशाइतकीच महत्त्वाची आहेत. एस२३ अल्ट्राला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट, म्हणजे २०२८ च्या सुरुवातीपर्यंत. एस२४ अल्ट्राला दोन्ही सात वर्षं, म्हणजे २०३१ पर्यंत. तुम्ही दर दोन-तीन वर्षांनी फोन बदलत असाल तर हा फायदा तुमच्या पदरात पडतच नाही, पुढच्या मालकाच्या पडतो. माझ्यासारखे मोडेपर्यंत वापरत असाल तर ५० हजारांत तीन जादा वर्षं येतात. मध्ये कधीतरी बॅटरी बदलावी लागेल, तो खर्चही त्यात धरा.

आणि दुकानदाराच्या आकड्याबद्दल. बाजारात आले तेव्हा २५६ जीबीचा एस२३ अल्ट्रा १,२४,९९९ ला होता आणि एस२४ अल्ट्रा १,२९,९९९ ला. सॅमसंगचं नवं मॉडेल दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत येतं आणि मग आधीच्याचा भाव उतरतो. तुम्हाला घाई नसेल तर पुढचं मॉडेल येईपर्यंत थांबून हाच सौदा परत विचारा.

त्याआधी एक काम करा. दुपारी १२ ला दुकानात जा आणि एस२४ अल्ट्राचा डेमो फोन पाच मिनिटं बाहेर रस्त्यावर आणायला सांगा. त्यावर ग्लास चिकटवलेली असेल तर तो नको, उघड्या स्क्रीनचा मागा. तुमचा फोन शेजारी धरा, दोन्हींचा ब्राइटनेस पूर्ण करा, दोन्हींवर तुमच्याच शेतातला एक फोटो उघडा. तुमच्या फोनवर तो नीट दिसला, तर ५० हजार खिशातच ठेवून घरी या.