जुन्या गाडी कंपन्यांना इलेक्ट्रिककडे वळणं एवढं जड का जातंय?
कारण त्यांची मास्टरी इंजिन-गिअरबॉक्समध्ये, आणि इलेक्ट्रिक गाडीत नेमकं तेच लागत नाही. तिथे सगळा खेळ बॅटरी आणि सॉफ्टवेअरचा, आणि सॉफ्टवेअर हे लोक वर्षानुवर्षं सप्लायरकडून घ्यायचे, म्हणजे ब्रेकचा कंट्रोलर एकाचा, स्क्रीन दुसऱ्याची, मग एक साधं अपडेट द्यायचं तरी सगळ्यांच्या मागे लागा. फोक्सवॅगनने २०२० मध्ये स्वतःचं सॉफ्टवेअर युनिट काढलं (आताचं कॅरिआड), पण तिथे इतका उशीर होत गेला की २०२४ मध्ये रिव्हियन या अमेरिकन इलेक्ट्रिक गाडी कंपनीसोबत जॉइंट व्हेंचर करावं लागलं. चीनच्या बीवायडी कंपनीचं उलटं, ते मुळात बॅटरीवाले, गाड्यांत २००३ ला आले आणि मार्च २०२२ मध्ये निव्वळ पेट्रोलच्या गाड्या बनवणं बंदच केलं. जुन्यांना तसं जमत नाही, कारण नव्याचा खर्च अजून पेट्रोल गाड्यांच्या कमाईतूनच निघतो ना.