कॉपर चालू असताना क्वारंटाइन टँकमध्ये अमोनिया वाढला तर काय करावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. पुण्यात वाकडला फ्लॅटमध्ये दोन फुटी समुद्री क्वारंटाइन टँक (नवे मासे काही आठवडे वेगळे ठेवायचा), त्यात कुर्ल्याहून आणलेले दोन क्लाउन आणि एक पावडर ब्लू टँग. परजीवी मारायला पाण्यात चिलेटेड कॉपर, म्हणजे दुसऱ्या रेणूंना बांधलेलं तांबं, २ पीपीएमवर. आज पाचवा दिवस, अमोनियाची टेस्ट १ पीपीएम दाखवते आहे, टँग जोरजोरात कल्ले हलवतो आहे, आणि अमोनिया निष्प्रभ करणारी बाटली हातात घेऊन तुम्ही विचारताय की टाकू का.

टाकू नका. एरवी ही बाटली चांगलीच असते, माझ्याकडेही आहे. पण असली बहुतेक द्रावणं क्षपण घडवून आणतात, म्हणजे अमोनिया आणि क्लोरीन बांधताना पाण्यातल्या तांब्याचंही रूप पालटवतात, आणि त्या रूपातलं तांबं माशांना कितीतरी जास्त विषारी ठरतं. कॉपरच्या टँकमध्ये ही वाट बंद आहे असंच धरून चाला. दुकानात अमोनिया शोषणारे पांढरे खडे मिळतात तेही आणू नका. ते गोड्या पाण्यासाठी असतात. खाऱ्या पाण्यातला सोडियम त्यांची जागा अडवतो आणि अमोनिया पाण्यात तसाच राहतो. कार्बन टाकलात तर तो कॉपरच ओढून घेईल.

उरतो एकच उपाय, पाणी बदलणं. आणि ते थोडं थोडं नाही. २५ टक्के बदललंत तर १ पीपीएमचा पाऊण होतो, पुन्हा २५ टक्के बदललंत तरी अर्ध्याच्या वरच राहतो, आणि मधल्या वेळात मासे नवा अमोनिया सोडतच असतात. आज रात्री निम्मं पाणी बदला, उद्या सकाळी टेस्ट करून पुन्हा निम्मं. मीठ कालवून ठेवलेलं पाणी तयार नसेल तर मुख्य टँकमधलं काढा. ते मुरलेलं असतं, तापमान आणि क्षारता जवळपास जुळलेली असते, आणि मुख्य टँकमध्ये उद्या नवं पाणी भरता येतं. फक्त दिशा एकच ठेवा. क्वारंटाइनचं पाणी, पाइप, जाळी, स्पंज यातलं काहीही परत मुख्य टँकमध्ये जाऊ द्यायचं नाही.

नव्या पाण्यात कॉपर आधीच मिसळा आणि मगच ते टँकमध्ये ओता. यासाठी टँकमध्ये खरोखर किती लिटर पाणी आहे हे माहीत हवं, आणि इथे बहुतेकजण चुकतात. २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच टँक काठोकाठ ७१ लिटरचा. पण आपण वरून दोन इंच रिकामे ठेवतो, म्हणजे पाणी ६१ लिटर. ७१ धरून औषध घातलंत तर डोस सहाव्या हिश्शाने जास्त झाला. २ पीपीएम म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. ३० लिटर बदलाल तर त्यात ६० मिलिग्रॅम तांबं जायला हवं. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती तांबं आहे ते पाहून हिशोब करा आणि तासाभराने कॉपरची टेस्ट करा. डिजिटल चेकर असेल तर उत्तम. चिलेटेडसाठी रंगाच्या पट्ट्यांवर १.५ आणि २ मधला फरक ओळखणं मला तरी कधी जमलं नाही. आणि आज खाणं बंद. एक दिवस उपाशी राहून मासा मरत नाही. जे खातो त्यातल्या प्रथिनांचाच अमोनिया होऊन तो कल्ल्यांतून बाहेर येतो.

हा अमोनिया आला कुठून, ते समजून घ्या, कारण पुढचे तीन-चार आठवडे याच्याशीच गाठ आहे. मुख्य टँकमधला खडक आणि वाळू यांवर वाढलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. क्वारंटाइनमध्ये आपण तो खडक आणि ती वाळू मुद्दाम ठेवत नाही, कारण दोन्ही कॉपर शोषून घेतात आणि डोसचा हिशोब बिघडवतात. उघडी काच, एक स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढंच असतं. म्हणजे औषध नीट चालावं म्हणून आपण जे बाहेर काढलं, पाणी साफ तेच करत होतं. त्याचं काम आता बादली आणि सायफनला करायचं आहे. नायट्राइट दिसलं तर तितकं घाबरू नका. गोड्या पाण्यात ते फार वाईट, पण समुद्री पाण्यातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. डोळा अमोनियावर ठेवा.

टेस्टमध्ये दिसणारा १ पीपीएम हा एकूण अमोनिया असतो. त्यातला थोडाच मोकळा असतो आणि विषारी तेवढाच. बाकीचा अमोनियम रूपात जवळजवळ निरुपद्रवी. हे प्रमाण पीएच ठरवतो. पीएच ७ ला मोकळा भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि आपल्या ८.२ ला सहा ते आठ टक्के. म्हणून गोड्या पाण्यात गोल्डफिश पाळलेल्या माणसाला १ पीपीएम ‘चालतंय की’ वाटतं, आणि त्याच आकड्यावर इथला टँग धापा टाकतो.

हाच हिशोब पिशवीलाही लागू होतो. परदेशातून आलेला मासा मुंबईत पोचेपर्यंत दिवसभर पिशवीत असतो, आणि पुढे एक्स्प्रेसवेवर आणखी चार तास. त्याच्या श्वासाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि अमोनिया भरपूर साठूनही विषारी होत नाही. आपण घरी येऊन पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया झपाट्याने विषारी होतो. त्यामुळे पिशवी उघडून दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसायची जी पद्धत सांगतात, ती लांबून आलेल्या माशासाठी मला घातक वाटते. दुकानातल्या पाण्याची क्षारता आधी फोन करून विचारा. बऱ्याच दुकानांत ती घनतेच्या मापात १.०१८ ते १.०२० असते. क्वारंटाइन टँक त्याच क्षारतेवर आणून ठेवा, बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, मासा हाताने किंवा डब्याने उचलून टँकमध्ये सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. १.०२५ पर्यंत मग चार-पाच दिवसांत सावकाश चढवा.

मीही हे मासे गमावूनच शिकले. पहिल्या वर्षी टँगच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, मी कॉपर सुरू केलं, तिसऱ्या दिवशी तो वर येऊन धापा टाकू लागला. मला वाटलं रोग वाढतोय, म्हणून डोस वाढवला. अमोनियाची टेस्ट कपाटात होती आणि मी ती उघडली नाही. चार दिवसांत तीन मासे गेले. नंतर त्या पाण्याची टेस्ट केली तर नळी गडद हिरवी झाली. तो रंग अजून आठवतो. तेव्हापासून मासा विचित्र वागला की औषधाच्या बाटलीआधी हात टेस्टकडे जातो.

तुमच्या टँगबद्दल तरीही एक शंका जागी ठेवा. अमोनिया शून्याजवळ आला, हवा भरपूर चालू आहे, आणि उद्या दुपारीही श्वास जलदच असेल, तर खोलीतला दिवा घालवून बाजूने टॉर्च मारून अंग बघा. मीठ शिंपडल्यासारखे सुटे ठिपके असतील तर तो ‘इक’, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी. पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर वेल्व्हेट हा दुसरा परजीवी, आणि तो कल्ल्यांवर आधी बसतो, त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आत श्वास बिघडतो. दोन्हींवर कॉपरच लागतं. फक्त ते २ च्या आसपास स्थिर राहायला हवं. चिलेटेड कॉपर १.५ च्या खाली घसरलं की परजीवीची पोहणारी पिल्लं वाचतात आणि तीस दिवस नव्याने मोजावे लागतात.

स्थिर ठेवण्यात पुण्याची हवा आडवी येते. मार्च ते मे इथली हवा इतकी कोरडी की पंखा लावलेल्या छोट्या टँकमधून दिवसाला लिटरभर पाणी सहज उडतं. मीठ उडत नाही, कॉपरही उडत नाही. ६१ लिटरमधले तीन लिटर गेले की ३५ ची क्षारता (लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, घनतेच्या मापात १.०२५-१.०२६) ३६.८ होते आणि २ पीपीएमचं कॉपर २.१. काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज सकाळी साधं शुद्ध पाणी घालून पातळी त्या रेघेवर आणा. त्यात मीठ घालायचं नाही.

ते शुद्ध पाणी कुठलं, हे वाकडसारख्या ठिकाणी महत्त्वाचं आहे, कारण तिथे बऱ्याच सोसायट्या टँकर आणि बोअरवर असतात. धरणाचं नळाचं पाणी तसं मऊ, तरी त्यात क्लोरीन असतोच. बोअरचं जड. आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावून टीडीएस शून्य करा. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरवर विसंबू नका. त्यातल्या बऱ्याच यंत्रांमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळतात, आणि हल्ली तर ‘तांब्याचं पाणी’ देणारी यंत्रं आली आहेत. ते पाणी क्वारंटाइनमध्ये गेलं तर कॉपरचा आकडा तुमच्या नकळत सरकतो. मुख्य टँकमध्ये गेलं तर गोगलगायी आणि कोळंबीच्या जिवावर बेततं. पितळी पातेल्यात किंवा तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवू नका. प्लास्टिकची झाकणाची बादली घ्या.

आता हवा. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन सुमारे पाचव्या हिश्शाने कमी मावतो, पाणी जितकं गरम तितका आणखी कमी, आणि पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर वर असल्याने हवेचा दाबच सहा टक्क्यांनी कमी. मुंबईच्या मित्राचं एका एअरस्टोनवर भागतं म्हणून आपलं भागेल असं नाही. दोन लावा, आणि त्यातला एक तरी बॅटरीच्या पंपावर असू द्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज चार-पाच तास गेली की स्पंज फिल्टर आणि हवा दोन्ही एकदमच बंद पडतात. इन्व्हर्टर असेल तर त्यावर एअर पंप ठेवा, हीटर नको. पाणी गार व्हायला वेळ लागतो, ऑक्सिजन संपायला लागत नाही.

रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. खाऊ घातल्यावर पंधरा मिनिटांनी तळाचं सगळं सायफनने ओढून घ्या. सकाळी अमोनिया, एक दिवसाआड कॉपर आणि क्षारता, सगळं वहीत लिहून ठेवा. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नाही, ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणावर जुळवा. आणि ३० लिटर मीठ कालवलेलं, हवा सोडलेलं पाणी बाल्कनीत नाही, घरात, कायम तयार असू द्या. एका लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम मीठ पडतं, म्हणजे तीस लिटरला अकराशे ग्रॅमच्या जवळपास. रात्री अकराला आकडा चढलेला दिसला तर त्या वेळी मीठ विरघळत बसायला सवड नसते.

आणि आजच एक नवा, कोरा स्पंज मुख्य टँकच्या सम्पमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, टाकून द्या. या खेपेला त्याचा उपयोग नाही, पण सहा आठवड्यांत त्यावर जिवाणू बसतील, आणि पुढचा मासा आणाल तेव्हा टँक पहिल्या दिवसापासून थोडी तरी सफाई स्वतः करेल. आता आधी निम्मं पाणी बदला, आणि सकाळचा आकडा इथे कळवा.