‘अर्जंट आहे, प्लीज हेल्प’ लिहिणाऱ्या मैत्रिणीस

प्रिय मैत्रिणी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पोस्टग्रेस डेटाबेसवाल्यांच्या चर्चेत तू पहिल्यांदाच प्रश्न टाकलास, त्यावर ‘व्हर्जन? प्लॅन?’ एवढंच उत्तर आलं, आणि ही मंडळी माजलेली आहेत असं तू ठरवून मोकळी झालीस. त्याच मेसेजमध्ये पुढे लिहितेस की मॅनेजर ‘कम्युनिटीत दिसायला हवं’ म्हणतात, बॅचमधली मुलं लिंक्डइनवर रोज काहीबाही टाकतात आणि तू मागे पडतेयस. तुला या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. मला दोन्हींत एकच दिसते, ती म्हणजे घाई. (आणि मॅडम नको म्हणूस गं, ताई चालेल.)

आधी ते उत्तर. मी तुझा प्रश्न उघडून पाहिला. ‘क्वेरी काल दोन सेकंदांत यायची, आज चाळीस मिनिटं लागतायत, अर्जंट आहे, प्लीज हेल्प.’ बास. वाचणारा माणूस बहुधा दुसऱ्या देशात, स्वतःची नोकरी सांभाळून, फुकट वाचतोय. त्याला तुझा सर्व्हर दिसत नाही. टेबल किती मोठं, इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या सूची) कुठले, आदल्या रात्री काय लोड झालं, काहीच ठाऊक नाही. काल पळणारी क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) आज झोपते तेव्हा बहुतेकदा प्लॅन, म्हणजे डेटा शोधायची डेटाबेसने ठरवलेली वाट, बदललेला असतो. रात्री लाखो रो (टेबलातल्या ओळी) आत आले, आकडेवारी आपोआप ताजी करणारं ऑटोॲनालाइझ अजून त्या टेबलापर्यंत पोचलं नाही, प्लॅन ठरवणाऱ्या प्लॅनरला वाटतंय अटीत बसणारे शंभरच रो आहेत आणि तो थोड्या रोंनाच परवडणारा नेस्टेड लूप लावून बसतो. पण हे नुसतं ‘बहुतेकदा’ आहे. प्लॅन पाहिल्याशिवाय जो छातीठोक उत्तर देईल, त्याच्यापासून तू लांब राहा. ‘व्हर्जन? प्लॅन?’ विचारणाऱ्याने तुझा प्रश्न मनावर घेतला होता.

तेव्हा प्रश्न पुन्हा लिही. मायनर आकड्यासकट व्हर्जन, टेबलाची व्याख्या, इंडेक्स, रोंचा अंदाज, शेवटचं ॲनालाइझ कधी झालं ते, काल आणि आज यांत काय काय बदललं ते, आणि प्लॅन दाखवणाऱ्या ‘एक्स्प्लेन’ कमांडला ‘ॲनालाइझ’ आणि ‘बफर्स’ जोडून आलेला पूर्ण प्लॅन. फोटो नको, मजकूर दे. एक सांगून ठेवते, कारण हे कुणी वेळेवर सांगत नाही: एक्स्प्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवतं. समोर अपडेट किंवा डिलीट असेल तर आधी बिगिन, मग बदल मागे घेणारा रोलबॅक. नाहीतर प्लॅन मिळेल आणि डेटा जाईल. इतकं सगळं गोळा करून लिहिताना उत्तर तुझं तुलाच सापडण्याची शक्यता बरीच आहे. सापडलं तर तेही खाली लिहून ठेव. दोन वर्षांनी कुणीतरी रात्री तेच शोधत येणार आहे.

पण पेस्ट करण्याआधी थांब. तू बँकेच्या सपोर्टवर आहेस. लॉगच्या ओळीत, क्वेरीच्या ‘व्हेअर’ अटीत लोकांचे मोबाइल नंबर, पॅन नंबर असतात, डेटाबेसला जोडणाऱ्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये पासवर्ड असतो. हे एकदा बाहेर गेलं की परत येत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ‘चुकून पेस्ट झालं’ हे उत्तर तुझ्या कंपनीलाही पुरणार नाही. प्लॅन दाखवण्यासाठी एक्स्प्लेन डॉट डेपेझ डॉट कॉम वापरतेस ना? त्यात जतन करण्याआधी टेबलांची आणि कॉलमांची नावं झाकायची सोय आहे. तिथे खूण कर, मग पुढे जा.

आता त्या ‘अर्जंट’बद्दल. हा शब्द मला का टोचतो ते सांगताना थोडी लांबण लागेल.

एक्सझेड नावाचं एक छोटं कॉम्प्रेशनचं साधन आहे. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं, आपल्या सर्व्हरांवरही आहे. लासे कॉलिन नावाचा एक फिनिश प्रोग्रामर ते वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागे मेलचा तगादा सुरू झाला. पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पडून आहेत, प्रकल्प मेला, तुला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला दे. तगादा लावणाऱ्यांत एक नाव होतं ‘जिगर कुमार’. हो, आपल्याकडचं वाटावं असं. ती नावं खोटी होती, असंच आज जवळजवळ सगळे तपासणारे मानतात. कॉलिनने उत्तरात लिहिलं की आपली मानसिक तब्येत बऱ्याच काळापासून ठीक नाही, आणि हा पोटापाण्याचा धंदा नाही, हौसेचं काम आहे. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ नावाचं एक फार कष्टाळू, फार सभ्य खातं मदतीला उभं होतं. २०२१ पासून ते पॅच पाठवत होतं. हळूहळू चाव्या त्याच्या हाती गेल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या ५.६.० आणि त्यानंतरच्या ५.६.१ मध्ये त्याने मागचं दार बसवलं. एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायच्या सोयीतून, नको त्याला आत घेणारं.

ते पकडलं कुणी? आपल्यातल्याच एकाने. आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेसचा विकसक, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. तो डेटाबेसची बारीक मोजमापं घेत होता आणि त्यासाठी मशीन शांत हवं होतं. एसएसएचची लॉगिन विनाकारण सीपीयू खात होती आणि अर्धा सेकंद जास्त घेत होती. अर्धा सेकंद! तू आणि मी काय केलं असतं? नेटवर्क असेल म्हणून चहाला गेलो असतो. तो मुळापर्यंत गेला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जाहीर लिहिलं, मोजमापांसकट. तेव्हा ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांत आणि फेडोराच्या पूर्वावृत्तीत पोचली होती. नेहमीच्या स्थिर आवृत्त्या वाचल्या.

थकलेल्या माणसाला ढकलायला घाई वापरली गेली, आणि त्या घाईने पाडलेली फट बुजवली ती रेंगाळून मोजणाऱ्याने. म्हणून तुझा ‘अर्जंट’ वाचून माझ्या कपाळावर आठी येते. तू ती माणसं नव्हेस, मला ठाऊक आहे. पण पलीकडे बसलेल्याला तू आणि ‘जिगर कुमार’ सुरुवातीला सारखेच दिसता. तुझी घाई तुझ्या एसएलएची, म्हणजे ग्राहकाला कबूल केलेल्या मुदतीची आहे. ती पगार घेणाऱ्याला दाखव, म्हणजे व्हेंडरला, नाहीतर मला.

दिसण्याचा प्रश्न. २०२० चा ऑक्टोबर आठव. तू तेव्हा कॉलेजात असशील. डिजिटलओशन ही कंपनी दरवर्षी हॅक्टोबरफेस्ट भरवायची: ओपन सोर्स प्रकल्पांना चार पुल रिक्वेस्ट (‘माझा हा बदल कोडमध्ये घ्या’ अशा विनंत्या) पाठवा, टी-शर्ट मिळवा. त्या वर्षी एका हिंदी यूट्यूब व्हिडिओत रिक्वेस्ट कशी पाठवायची याचं प्रात्यक्षिक दाखवलं गेलं, आणि जगभरच्या प्रकल्पांवर रीडमी या माहितीच्या फाइलीत ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढंच जोडणाऱ्या रिक्वेस्टांचा पाऊस पडला. सांभाळणारे लोक त्या बंद करता करता रडकुंडीला आले. दोनतीन दिवसांतच आयोजकांना नियम फिरवावा लागला: जे प्रकल्प स्वतःहून नाव देतील तेच धरायचे. त्यानंतर बराच काळ भारतीय नावाच्या मुलांच्या चांगल्या रिक्वेस्टही संशयाने बघितल्या गेल्या, असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही, पण मत आहे.

लिंक्डइनवरच्या ‘एसक्यूएलच्या दहा टिपा’ मला त्याच टी-शर्टच्या रांगेत उभ्या दिसतात. त्यातल्या किती जणांनी सांगितलेला इंडेक्स खऱ्या टेबलावर लावून, आधीचे आणि नंतरचे आकडे पाहिलेत? तुला लिहायचंच असेल तर महिन्यातून एकदा लिही, पण स्वतः मोजलेलं लिही. लाइक कमी येतील. येऊ देत.

समूह चांगला की वाईट हे मी एका गोष्टीवरून ठरवते: ज्याच्या हातून डेटा गेला, त्याच्याशी तिथली माणसं कशी वागतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री कोड ठेवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबच्या एका इंजिनिअरने रेप्लिकावरची (नकलेच्या सर्व्हरवरची) डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली आणि ती निघाली प्रायमरीवरची, म्हणजे मूळ सर्व्हरवरची. सुमारे तीनशे जीबीतले साडेचार उरले तेव्हा त्याने थांबवलं. मग बॅकअप शोधायला गेले. बॅकअप काढणारं पीजीडम्प ९.२ चं, डेटाबेस ९.६ चा, म्हणून रोजचा डम्प गुपचूप फसत होता. फसल्याची ईमेल मेल सर्व्हरच नाकारत होता. बॅकअप ठेवायची ॲमेझॉनच्या एसथ्रीवरची बादली रिकामी. सुदैवाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता, त्यावर गाडी सुरू झाली. मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच.

पण पुढचं बघ. त्यांनी नोंदवही जगासमोर उघडी ठेवली, दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर लावलं आणि जाहीर कागदपत्रांत त्या इंजिनिअरचं नाव न घेता ‘टीम-मेंबर-१’ असं लिहिलं. बाहेरच्यांनी चेष्टाही केली, पण धीर देणारे भरपूर निघाले. प्रत्येकाला आपापली रात्र आठवली असणार. तो अहवाल पूर्ण वाच. एका सर्टिफिकेशनपेक्षा जास्त शिकवेल. आणि हो, वाचून झाल्यावर आपल्या बॅकअपचा रिस्टोर शेवटचा कधी करून पाहिला ते तुझ्या लीडला विचार. कोणता चेहरा करतो ते मला कळव.

‘सगळं एआय सांगतं, मग माणसांना कशाला विचारायचं?’ असंही तू लिहिलंयस. मीही वापरते, सोवळं नाही. पण तुझ्या व्हर्जनमध्ये नसलेलं पॅरामीटर ते इतक्या आत्मविश्वासाने देतं की अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडल्याशिवाय मी काहीही प्रॉडक्शनवर नेत नाही. चॅटजीपीटी आल्यावर काही दिवसांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो साइटने त्याची उत्तरं चिकटवायला बंदी केली होती. कारण साधं होतं: उत्तरं दिसायला बरोबर, तपासली की चूक, आणि तपासणारे मोजके.

त्याहून मोठी अडचण अशी की काय विचारायचं हेच तुला ठाऊक नसतं. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीची २.२८ आवृत्ती आली आणि तिच्यात अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. लोकांनी लिनक्स अपग्रेड केलं, डेटाबेसला बोटही लावलं नाही, आणि टेक्स्ट कॉलमांवरचे इंडेक्स बिघडले. ना एरर, ना वॉर्निंग. टेबलात असलेला रो क्वेरीला सापडेना, युनिक कॉलममध्ये एकच किंमत दोनदा शिरू लागली. री-इंडेक्स केलं की सुटतं, पण ते करायला हवं हे आधी कळायला हवं ना? पोस्टग्रेसच्या विकीवर माणसांनी ते नीट लिहून ठेवलंय. अशा गोष्टी कानावर पडतात त्या नुसतं वाचत राहिल्याने, काहीही न विचारता. तुझ्या पहिल्या वर्षाचं काम तेच: वाचणं. दर तीन महिन्यांनी येणाऱ्या मायनर रिलीजच्या नोट्सपासून सुरुवात कर, कंटाळा आला तरी.

अंगण कुणाचं आहे तेही बघून ठेव. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला आणि काही दिवसांत लोक त्याच्याच कोडवरून काढलेली वाल्की घेऊन लिनक्स फाउंडेशनखाली निघून गेले. मायएसक्यूएल डेटाबेस ओरॅकल कंपनीकडे गेल्यावर त्याच्याच कोडवरून निघालेल्या मारियाडीबीचं महत्त्व वाढलं. पोस्टग्रेसला मालकच नाही, हे माझ्या तिथे टिकून राहण्याचं निम्मं कारण.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या ‘डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) जॉब्स’ गटांचं दोन ओळींत: परीक्षेचे डम्प (फुटलेले प्रश्न), प्रॉक्सी इंटरव्ह्यू (एकाच्या जागी दुसऱ्याने दिलेली मुलाखत), ‘गुड मॉर्निंग’. बाहेर पड. मुलगी म्हणून येणाऱ्या ‘हाय डिअर, नाइस प्रोफाइल’ला उत्तर द्यायचं नाही, समजावायचं तर अजिबात नाही, ब्लॉक. चर्चेत कुणी खरंच घाण बोललं तर पोस्टग्रेसमध्ये २०१८ पासून आचारसंहिता आहे आणि तक्रार ऐकणारी समिती आहे, तिला कळव. तुटक उत्तर आणि अपमान यांतला फरक मात्र आधी नीट बघ.

हात घालायचाच असेल तर कमिटफेस्टमध्ये घाल. विकसक आपले पॅच तिथे रांगेत लावतात आणि तपासणारे कायम कमी असतात. एखादा छोटा पॅच घे, लॅपटॉपवर लाव, कंपाइल कर, टेस्ट चालव, डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय तसंच होतं का बघ, आणि काय केलं ते चार ओळींत लिही. सी ही भाषा येत नसली तरी यातलं बरंचसं जमतं. कौतुकाची अपेक्षा ठेवू नकोस. ‘थँक्स’ आलं तरी खूप. बेंगळुरूला पीजीकॉन्फ इंडिया भरते, तिथे यंदा नुसती ऐकायला जा आणि जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यात फोन बघत बसू नकोस.

फोनवरून आठवलं. ऑन-कॉलच्या आठवड्यात लिंक्डइन, टेलिग्राम, सगळ्यांची नोटिफिकेशन बंद कर आणि अलर्टला वेगळी रिंगटोन लाव. रात्री तीनला फोन वाजला तर डिस्क भरलीय की कुणाचं प्रमोशन झालंय, हे डोळे न उघडता कळलं पाहिजे.

तुझी,
ताई